व्यायाम उत्तम चालू आहे

२ जानेवारी
प्लास्टर निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो माझा नाही. बारीक, पांढुरका, शेजारच्या पायाशी काडीची ओळख नसलेला. डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, सगळ्यांचा असाच निघतो. मी सगळ्यांतला नाही. गेली बावीस वर्षं मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो.

हाड जुळलंय, पण गुडघा वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, आता सगळं व्यायामावर. मी हसलो. हे म्हणजे माशाला पोहायचा सल्ला.

संध्याकाळी मुख्याध्यापिका बाईंचा फोन. शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटी. त्याआधी माझं फिटनेस सर्टिफिकेट आलं नाही तर माझ्या जागी तात्पुरता घेतलेला मनुष्य स्पर्धा घेईल, आणि पुढच्या वर्षापासून मैदानही तोच सांभाळेल. मला लायब्ररीत बसवायचा विचार आहे म्हणे. 'आराम पडेल तुम्हाला,' असं वर. मला आराम!

३ जानेवारी
शाळेत माझ्या अपघाताबद्दल वाटेल ते बोललं जातंय असं कळलं. इथे खरं लिहून ठेवतो. मैदानाकडेच्या ओट्यावर माझी खुर्ची असते. तिथे बसून मी कवायत घेत होतो. बराच वेळ बसल्याने पायाला मुंग्या आल्या होत्या. शिट्टी वाजवून ताडकन उठलो, पाऊल ओट्याबाहेर पडलं. म्हणजे ड्यूटीवर असताना झालेली दुखापत. सैनिकाला होते तशी.

मुलं मला पाठीमागे 'खुर्ची' म्हणतात. मला माहीत आहे. खुर्चीला मान असतो.

४ जानेवारी
फिजिओबाई घरी येऊन गेल्या. कालची पोर. पायात पांढरे कापडी बूट आणि तोंडात सारखं 'सर, सर'. साहित्य काय आणलं होतं? काही नाही. आमचाच टॉवेल मागितला. त्याची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्याने दाबायची. मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा. मग टाच गादीवरून ओढत कमरेकडे आणायची. याला व्यायाम म्हणतात. माझ्या हयातीत मी टॉवेलने अंगच पुसलंय.

त्या म्हणाल्या, दुखेल, तरी करायचं, दिवसातून तीनदा. आठवड्याला येऊन जाते म्हणाल्या. मी सांगितलं, गरज नाही, मी याच क्षेत्रातला. तेव्हा ठरलं की त्या फोनवर चौकशी करतील, आणि शेवटी एकदा येऊन तपासून डॉक्टरांसाठी रिपोर्ट लिहितील. रिपोर्टवर सर्टिफिकेट.

५ जानेवारी
पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. आठला उठलो. झोप हाही उपचारच.

टॉवेल दाबला. दुखलं. दुखणं दोन प्रकारचं असतं, चांगलं आणि वाईट. हे वाईट होतं. जाणकाराला लगेच कळतं. थांबलो.

६ जानेवारी
चूक सापडली. डेमो झालेला नाही. कुठलाही व्यायाम प्रकार आधी कोणीतरी समोर करून दाखवावा लागतो, चुका काढाव्या लागतात, मग वर्ग सुरू होतो. बावीस वर्षांत मी हा नियम मोडलेला नाही.

हिला सतरंजीवर झोपवलं. कुरकुरली, ऑफिसला उशीर होतोय म्हणाली. मी खुर्ची घेतली, पाय स्टुलावर ठेवला, शिट्टी वाजवली. एकला पाय वर, दोनला खाली. हिचा गुडघा वाकत होता, तो सुधारला. श्वास रोखत होती, त्यावर बोललो. शेवटी घाम आला. हिला.

आजचा व्यायाम उत्तम झाला.

९ जानेवारी
सासूबाई आमच्याकडेच असतात. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. जिना एका अंगाने, कठडा धरून उतरतात, खाली बसणं सोडून कित्येक वर्षं झाली, पण जीभ मात्र ठणठणीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या की पाय मोडला जावयाचा आणि व्यायाम करतेय लेक, हे नवीनच शास्त्र दिसतंय. मी म्हणालो, ज्याला स्वतःला जमत नाही त्याने बोलू नये. त्या तडक येऊन पलंगावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, घ्या काउंट.

पाय कसला उचलतायत. गादीवरून चार बोटं वर आला आणि थरथरत खाली पडला. मी हसलो.

१२ जानेवारी
वरच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आले. रोज सकाळी शिट्टी कसली वाजते? यांचं पोट यांच्याआधी दारातून आत येतं. त्यांना म्हणालो, बसा. बसले. मग म्हणालो, झोपा. झोपले. आता रोज येतात.

बॅच तिघांची झाली. हजेरी सुरू केली.

१५ जानेवारी
फिजिओबाईंचा फोन. व्यायाम चालू आहे का? मी म्हणालो, एकही दिवस खाडा नाही. पाय किती उचलला जातो? मी म्हणालो, आधी चार बोटं होता, आता वीतभर. खूश झाल्या. म्हणाल्या, सर, तुमच्यासारखे पेशंट मिळत नाहीत.

हिने ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, तो तर आईचा पाय. आता हिला कोण समजावणार? वर्ग पास झाला की निकाल कोणाचा धरतात? शिक्षकाचा. शिक्षकाला परीक्षेला बसवत नाहीत.

२० जानेवारी
आज स्वतः करणार होतो. खरंच करणार होतो. पण बॅच ऐन भरात आलेली. मी सतरंजीवर गेलो तर काउंट कोण देणार? काका तर मोजताना मधले आकडे गाळतात. उद्या बघू.

२४ जानेवारी
शाळेतून स्प्रिंग येऊन गेला. स्प्रिंग म्हणजे माझ्या जागेवरचा तो तात्पुरता. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला, आत आल्यावरही चवड्यांवर उड्या मारत उभा. आयत्या बिळावर नागोबा, पण बोलायला गोड. ट्रॅक आखायला मार्गदर्शन हवंय म्हणाला. मी विचारलं, तू वर्ग कसा घेतोस? म्हणाला, मुलांबरोबर मीही पळतो, सर. मला हसू आवरेना. शिक्षकच पळाला तर मुलांकडे बघणार कोण?

मुलांना आवडतं म्हणे. मुलांना काय, सुट्टीही आवडते.

तो गेल्यावर जरा वाईट वाटलं. ट्रॅकची चुन्याची रेघ दरवर्षी माझ्या नजरेखाली पडते. मला ते मैदान परत हवंय. ठरलं. उद्यापासून दिवसातून तीनदा.

२५ जानेवारी
रविवार. मैदानावरही रविवारी सुट्टी असते.

१ फेब्रुवारी
फिजिओबाईंचा फोन. गुडघा वाकतो का? मी म्हणालो, खुर्चीवर बसल्यावर वाकायला हवा तेवढा वाकतो. पायऱ्या? एकेका पायरीवर थांबत नाही, सरळ, कठडा न धरता. हे सगळं सासूबाईंनी कालच केलं होतं. फिजिओबाई म्हणाल्या, अविश्वसनीय. मीही म्हणालो, मेहनत आहे.

लगेच मुख्याध्यापिका बाईंना फोन केला. यंदा स्पर्धा मीच घेणार. त्यांना आनंद झाला असावा, कारण 'नक्की ना?' असं दोनदा विचारलं.

६ फेब्रुवारी
शाळेतून निमंत्रणपत्रिका आली. क्रीडाप्रमुख म्हणून माझं नाव. स्प्रिंगचं खाली, बारीक अक्षरात, 'साहाय्यक' म्हणून. पत्रिका टीव्हीला टेकवून ठेवली.

दुपारी घरी एकटाच होतो. स्पर्धेच्या दिवशीचे बूट घालून पाहावेत म्हणून बसलो. हात लेसपर्यंत पोहोचेना. पाय इकडे येईना, मी तिकडे जाईना. बुटांचा दोष. हल्ली लेस फार पुढे लावतात. हिला बिनलेसचे आणायला सांगितले.

११ फेब्रुवारी
आज बॅचमध्ये इतिहास घडला. सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या. कोणाचाही हात न धरता उठल्या. मग परत बसल्या, नुसतं बघायला. हिच्या डोळ्यांत पाणी. हिची स्वतःची कंबर दुखायची थांबलीय. काकांना आपल्या पायाची बोटं दिसू लागलीत, ते आल्यागेल्याला दाखवतात. टाळ्या वाजल्या. मी खुर्चीवरून मान लववून त्या स्वीकारल्या.

ही म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं, आता तुम्ही कधी उतरणार? मी म्हणालो, वेळ आली की. ही म्हणाली, वेळ केव्हाच आली, स्टुलावरचा पाय तेवढा खाली यायचाय. ऑफिसात बसून बसून माणसं तिरकस बोलायला लागतात.

१७ फेब्रुवारी
बॅचने पुढचे व्यायाम मागितले. माझ्याकडे नाहीत. फिजिओबाईंना फोन करून म्हणालो, हे सगळं सोपं वाटायला लागलंय, पुढचं द्या. त्यांनी दिलं. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, मग एका पायावर उभं राहायचं. म्हणाल्या, तपासणीला हेच बघीन.

दिलं बॅचला. सासूबाई एका पायावर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. असं बघण्यासारखं काय होतं कळलं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळ
दार लावून घेतलं. पलंगावर झोपलो. मनात काउंट घेतला. एक.

पाय उठला नाही.

परत घेतला. मांडीत कुठेतरी काहीतरी हललं, पाय गादीवरच. थंडीचे दिवस आहेत, स्नायू आखडतात. दुपारी ऊन आल्यावर करू.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
ऊन आलं होतं. झोप लागली.

२५ फेब्रुवारी
फिजिओबाई आल्या. मी बॅचलाही बोलावलं होतं, निकाल लागताना वर्ग हजर असावा. फिजिओबाई हसतमुख. बॅगेतून रिपोर्टचा कागदही काढून ठेवला होता. मला पलंगावर झोपवलं आणि म्हणाल्या, उचला पाय, सर.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'एक!'

तीन पाय वर गेले. सतरंजीवर हिचा आणि काकांचा, दिवाणावर सासूबाईंचा. सरळ, एका रेषेत, गुडघा न वाकवता. इतकी सुंदर ओळ मी मैदानावरही पाहिलेली नाही. कोणी खाली आणेना, कारण मी 'दोन' म्हटलं नव्हतं.

फिजिओबाई त्या तीन पायांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, 'सर, तुमचा पाय.'

तो गादीवरच होता.

मग त्यांनी हाताने गुडघा वाकवून पाहिला. मी ओरडलो. फोनवर काय काय सांगितलं होतं ते त्यांनी एकेक विचारलं, आणि प्रत्येक वेळी सासूबाई म्हणाल्या, तो माझा. फिजिओबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कालच्या पोरीवर मला उलट ओरडता आलं असतं. म्हणाल्या की आता रोज येते, नाहीतर डॉक्टर भूल देऊन गुडघा वाकवतील. रिपोर्टचा कागद बॅगेत परत ठेवला.

जाताना सासूबाईंना विचारलं, तुम्ही कोणाकडे ट्रीटमेंट घेतलीत? सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. एरवी छाती फुगली असती.

२८ फेब्रुवारी
स्पर्धा आज झाल्या. स्प्रिंगने घेतल्या. काका बघायला गेले होते, मी सांगितलं नसताना. छान झाल्या म्हणाले. शिक्षकांच्या शर्यतीत स्प्रिंग पहिला आला आणि मुलांनी त्याला उचलून घेतलं. मला बावीस वर्षांत कोणी उचललेलं नाही, स्ट्रेचरची गोष्ट वेगळी.

ट्रॅकबद्दल विचारलं. रेघ सरळ होती म्हणे.

मुख्याध्यापिका बाईंचा फोन. जूनपासून लायब्ररी. तळमजल्यावर आहे, जिना चढावा लागणार नाही, असं मुद्दाम सांगितलं. मी बरं म्हणालो. भांडायला बरंच होतं, पण बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. हिने न मागता चहा ठेवला, म्हणून आणखी वाटलं.

१ मार्च
सकाळी वर्गाची वेळ झाली तरी खोलीतून बाहेर आलो नाही. बाहेर काउंट ऐकू येत होता. सासूबाई देत होत्या. माझ्याशिवाय बंद पडेल असं वाटलं होतं. पडलं नाही. उलट लय बरी होती.

संपल्यावर त्या आत आल्या. टॉवेलची गुंडाळी माझ्या गुडघ्याखाली सारली, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, दाबा. दाबलं. फार दुखलं. त्या म्हणाल्या, दुखतं, पुन्हा दाबा. मग टॉवेल काढला आणि म्हणाल्या, 'आता उचला, जावईबापू.'

उचलला. गादीवरून चार बोटं वर आला आणि थरथरत खाली पडला. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होतो.

त्या म्हणाल्या, 'पहिल्या दिवशी माझाही एवढाच उचलला होता.'