आईचा निरोप

चारकोप, रविवार संध्याकाळ

अखेर पास्कलला फोन केला. आई शेवटच्या आजारात त्याचीच वाट बघत होती, आणि मी माझ्या या भावाला कळवलं, "तिला तुझं तोंड बघायचं नाही." का केलं मी असं? सेवा माझी आणि जप त्याच्या नावाचा, म्हणून?

सकाळी पापकबुलीत फादर म्हणाले, "देवाने क्षमा केली. भावाला सांगितलंस का?"

आज सांगितलं. पास्कल म्हणाला, "आई काय म्हणाली होती? तिच्याच शब्दांत सांग."

"पास्कल आला की मला उठव गं."

त्याने फोन ठेवला.

घरात मी एकटीच. देवाने क्षमा केली, यावर विश्वास आहे. पास्कलकडे ती मागायचा मला हक्क नाही. तरी प्रार्थनेत तेच मागितलं.