तुपाचे नऊ, दारूचे सात

साखरखेर्डा,
पोळ्यानंतरचा दुसरा रविवार, १९६२

तीर्थरूप माणिकमामांच्या चरणी भाचा इंद्रभान याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण हल्ली पोट आधी टेकतं आणि बाकीची अंगं अधांतरी राहतात, म्हणून उभ्यानंच हात जोडले आहेत. आपली प्रकृती कशी आहे? मामींचे गुडघे बरे आहेत ना? तेलगिरणीच्या भोंग्यानं आपली दुपारची झोप अजून मोडते काय? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तसं ते नाही.

आपल्याला ठाऊकच आहे की मी गावच्या दारूबंदी मंडळाचा चिटणीस आहे. (दारूबंदी सरकारनं आधीच केलेली आहे, पण ती गावच्या नाल्यापलीकडच्या हातभट्टीला अजून कुणी कळवलेली नाही. ते काम मंडळाकडे आलं.) तर मेहकरकडे एक नवे सरकारी डॉक्टर आले आहेत, तरुण, चष्मेवाले, बोलायला गोड. त्यांचं व्याख्यान ठेवावं असं मीच सुचवलं आणि तिथंच माझे ग्रह फिरले. मारुतीच्या पारावर सतरंज्या टाकल्या, एक तक्ता टांगला, आणि डॉक्टरांनी कोणत्या जिनसात किती उष्मांक ते सांगायला सुरुवात केली. उष्मांक म्हणजे अन्नातली ऊब, जिच्यावर शरीर चालतं. एक ग्रॅम साखरेत चार, भाकरीतल्या पिठातही तितकेच, दारूत सात आणि तुपात नऊ. ग्रॅम म्हणजे किती हे समजण्यातच अर्धी सभा गेली, कारण आमच्याकडे नवी वजनं आली असली तरी माणसं अजून छटाकातच विचार करतात.

डॉक्टरांचा हेतू चांगला होता. त्यांना म्हणायचं होतं की दारूत ऊब आहे पण अंगाला लागेल असं काही नाही, मांस नाही की रक्त नाही. शिवाय शरीराला दारू साठवून ठेवता येत नाही. साहेबाची जीप गावात आली की तलाठी जसा सगळ्यांची कामं टाकून तिकडे धावतो, तसं यकृत आधी दारूच्या मागे लागतं, आणि तोवर पोटात गेलेलं वरण-भाकर चावडीवरच्या माणसांसारखं ताटकळतं. त्यातलं बरंचसं मग चरबी होऊन बसतं. दाखला मलाही फार आवडला. पण आपले पुंजाजीदादा (माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांच्या एकट्यासाठी हे व्याख्यान ठेवलं होतं असं म्हणायला हरकत नाही) पुढेच बसले होते. ते उठले.

"म्हंजे डाक्टरसाहेब, भाकरीचे चार अन् दारूचे सात?"

डॉक्टर म्हणाले, "हो, पण..."

तो 'पण' पुढे कुणी ऐकलाच नाही. टाळ्या पडल्या. दारू तुपाच्या खालोखाल आहे हे सरकारी डॉक्टरच्या तोंडून, तेही मारुतीसमोर, आणि चिटणिसाच्या खर्चानं चहा पीत गावानं ऐकलं. दादांनी तर माझ्या पोटाकडे बोट केलं आणि मग आपल्या बरगड्यांकडे, आणि विचारलं की आमच्या दोघांत प्यायलेला कोण दिसतो. डॉक्टर सांगत राहिले की दोन शरीरं सारखी नसतात, एकाला लागतं ते दुसऱ्याला लागत नाही. पण तेव्हा लोक सतरंज्या झटकत होते.

घरी जाऊन दादांनी विमलवहिनींना हिशोब समजावला. वहिनी शांतपणे ऐकून घेत होत्या. (वहिनी शांत झाल्या की मी आपल्या घराचं दार लावून घेतो, दादांना ही अक्कल कधी आली नाही.) पोळ्याच्या दिवशी घरात पुरणपोळ्या झाल्या. बैलांना नैवेद्य झाला, पानं वाढली. मीही पंगतीला होतो. माझ्या पानात पोळी, दादांच्या ताटात फक्त पितळी पेला, आणि पेल्यात काय ते वासावरून कळत होतं.

"हे काय व?" दादा म्हणाले.

"सात हाय ना त्यात? मंग चारवाली भाकर काऊन खाता? घ्या," वहिनी म्हणाल्या.

दुसरा कोणी असता तर हसून पोळी मागून मोकळा झाला असता. पण दादांना अपमान सोसतो, माघार सोसत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर पेला रिकामा केला आणि ढेकर दिला. तेव्हापासून त्या घरात त्यांचं जेवण बंद झालं. सकाळी पेला, संध्याकाळी पेला. गावाला आठवडाभर तमाशा मिळाला. पारावर लोक दादांना 'सातवाले' म्हणू लागले आणि ते ऐटीत मान हलवत. पण त्यांचं धोतर कमरेवर थांबेना. एकदा मी गुपचूप दोन भाकरी घेऊन गेलो, तर म्हणाले, "तिनं म्हटलं तर खातो. तू घरी जाय."

काल दुपारी मी माझ्या शेतात होतो. शेजारी दादा कपाशीतलं तण काढायला डवरं हाकत होते. पाहतो तर बैल डवरं ओढत एकटेच बांधाकडे निघालेले, मागे माणूस नाही. मी धावलो (आपण हसू नये, मीही धावतो). दादा कपाशीच्या तासात आडवे पडलेले, डोळे उघडे, अंगाला गार घाम. मी त्यांना बाभळीखाली ओढलं, पाणी पाजलं. तेवढ्यात वहिनी अनवाणी धावत आल्या; बैल वाटेत त्यांना भेटले होते. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा. त्या रोज भाकरी बांधून शेताच्या वाटेवर यायच्या, म्हणे, आणि बांधावरून परत जायच्या.

दादांनी घास घेतला, दुसरा घेतला, मग वहिनींच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "तू जेवली का?"

"तुमाले सात तरी होते," वहिनी म्हणाल्या, "मले कायचेच नव्हते."

पोळ्यापासून त्याही धड जेवल्या नव्हत्या, मामा. दादांनी भाकर मोडून अर्धी त्यांच्या हातात दिली आणि दुसरीकडे तोंड करून खात बसले. मी उगाच बैल शोधायला गेलो. संध्याकाळी दादांनी घरातला पेला वहिनींसमोर नाल्यात फेकून दिला. आता ते पिणार नाहीत असं म्हणतात. वहिनी तेवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्यातल्या नाहीत. नाल्याकडचा रस्ता त्यांच्या अंगणातूनच दिसतो. तरी आज सकाळी दोघांनी एकाच ताटात पिठलं खाल्लं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इथं पत्र संपायला हवं होतं. पण पेला फेकल्याची हकीकत मी काल रात्रीच मोठ्या कौतुकानं घरी सांगितली. आपली भाचेसून आशा ऐकत होती. तिनं विचारलं, तुपाचे किती? मी शिकलेला माणूस, नऊ म्हणून सांगून बसलो. तिनं उठून तुपाची बरणी माळ्यावर ठेवली. म्हणाली, "सातवाल्याची सुटली, आता नववाल्याची सोडवते." मी कधी थेंबाला शिवलो नाही, मंडळाचा चिटणीस आहे, आणि कालपासून कोरडी भाकर खातो आहे.

मामींना नमस्कार. आपला,
इंद्रभान

ता. क. : खामगावहून येणाऱ्या मोटारीच्या कंडक्टरजवळ चांगल्या साजूक तुपाचा एक डबा द्यावा. डब्यावर 'एरंडेल' असं ठळक लिहावं, म्हणजे घरात कुणी उघडणार नाही. बाकी पत्र फक्त एवढ्यासाठीच लिहिलं, असं मात्र समजू नये.

ता. क. २ : ती. मामांस आशाचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. डब्यात खरंच एरंडेल पाठवावं, मी ह्यांना पाजीन. मामींना वेगळं कार्ड टाकलं आहे. त्यात तुपाच्या नऊ उष्मांकांचं सगळं खुलासेवार लिहिलं आहे.