सासूबाईंची आठी

३ फेब्रुवारी, दुपार.
देवाचं नाव घेऊन फोटो-एडिटिंग शिकायला सुरुवात. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी नसती हौस म्हणायला नको. सासूबाईंना जाऊन सहा महिने झाले. त्यांचा एकच धड फोटो, तोही मीच मोबाइलवर अंगणात काढलेला. ह्यांना तो मोठा करून बैठकीत लावायचाय. स्टुडिओवाला साफसफाईचं वेगळं मागतो. मी म्हटलं, साफसफाई मी पंचवीस वर्षं करतेय. रविवारी वन्सं येणार. त्याआधी तयार. नक्की.

४ फेब्रुवारी.
थोरलीने तिचा जुना कॉम्प्युटर दिला, फोटो त्यात घालून दिला आणि हीलिंग ब्रश शिकवला. डागावर टेकवला की शेजारचा चांगला भाग उचलून डाग बुजवतो. ठिगळच, पण टाके दिसत नाहीत. मागच्या भिंतीचे पोपडे गेले. थोरली बजावून गेली, आई, मूळ फोटोला हात लावू नकोस हं, कॉपी करून तिच्यावर काम कर. हो म्हटलं. पण एकाच माणसाचे दोन-दोन फोटो कशाला? उगाच जागा अडते. कॉपी केली नाही. मोबाइलमधलाही पुसून टाकला. मोबाइल कसा हलका झाला.
(लेकीशी खोटं. आज जपाची एक माळ जास्त.)

५ फेब्रुवारी, सकाळ.
आता फक्त कपाळावरची आठी राहिली. दोन भुवयांच्या मधोमध, उभी. भाजी चिरत असले तरी पाठीला जाणवायची. काढावी असं मनात आलं. माझ्यासाठी नव्हे. गेलेलं माणूस शांत दिसावं, यात पुण्यच आहे.

दुपारी ३.
काढली. मग चेहरा इस्त्री केल्यासारखा कोरा दिसायला लागला, म्हणून ओठांचे कोपरे जरा वर ओढले. सासूबाई हसल्या! माझ्याकडे बघून! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. लगेच सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर बंद केला. न जाणो, विचार बदलतील.

६ फेब्रुवारी.
ह्यांना दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, या कोण? मी म्हटलं, अहो, असं काय, आई ना! म्हणाले, आईची आठी कुठंय? मी ताटात भात वाढला. मग म्हणाले, ती आठी उन्हाची होती गं. तूच म्हणालीस, आई, इकडे उजेडाकडे बघा. जन्मात कोणाचं ऐकलं नाही तिने. तुझं ऐकून उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली.

ताटावरून उठताना ह्यांनी विचारलं, मूळ फोटो आहे ना? मी म्हटलं, आहे की.
(तीन माळा.)

७ फेब्रुवारी.
अनडू दाबून दाबून बोट दुखलं. एकदा बंद केलं की अनडू सगळं विसरतं. माणसांनाही असं जमायला हवं होतं. ब्रशने आठी परत रेखून पाहिली. ऑपरेशनचे टाके दिसतात. थोरलीला सहज विचारलं, एखादीने मूळ फोटोच पुसला तर? कोणी पुसला, म्हणाली. मी म्हटलं, आहे एक ओळखीची. तिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, त्या ओळखीच्या बाईला सांग, आता आठी उसनी आणावी लागेल.

८ फेब्रुवारी.
उसनी कोणाकडून आणणार? माझीच. अंगणात त्याच जागी, त्याच उन्हात उभी राहिले. आठ्या घालून घालून कपाळ दुखलं, एकही साधेना. थोरली म्हणाली, आई, नाटक नको, रोज माझी खोली बघून बघतेस ना, तशी बघ. आणि ओला टॉवेल खुर्चीवर फेकला. काढला फोटो. त्यातली आठी भुवयांसकट उचलून सासूबाईंच्या कपाळावर ठेवली. जराही इकडे-तिकडे करावी लागली नाही. जणू त्यांच्या मापाची शिवून घेतलेली.
हे मला आवडलं नाही. ओठांचे कोपरे खाली ओढले आणि उठले.

९ फेब्रुवारी, रविवार.
फोटो भिंतीवर. वन्सं बघताक्षणी रडल्या. म्हणाल्या, अगदी आई गं वहिनी, आत्ता म्हणेल दार लावा, माशा येतात. ह्यांनीही मान डोलावली. वन्सं जेवून गेल्या की ह्यांना खरं सांगायचं ठरवलं. वन्सं राहिल्या.

१७ फेब्रुवारी.
हे रोज ऑफिसला निघताना फोटोसमोर मिनिटभर उभे राहतात. मी तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडी वाजवते. आठवडाभर रोज सांगणार होते. सोमवारी ह्यांना सर्दी होती, मग मला. माळांची बाकी चौदा. आज पहाटे देवासमोर शब्द दिला, म्हणजे आता पळवाट नाही.
हे बुटाची नाडी बांधत होते. मी म्हटलं, अहो, त्या फोटोचं जरा...
वर न बघताच म्हणाले, डाव्या भुवईतला तीळ तुझा आहे. आईला नव्हता.
मी म्हटलं, आत्ता काढते, डाग काढण्यात माझा हात बसलाय.
नको, म्हणाले, राहू दे. तुम्ही दोघी एका जागी गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच बघतोय.
आणि डबा घेऊन निघून गेले.