तात्यांच्या गोळ्या, माझं नाव

३ नोव्हें., सोम. करोल बाग

सोनं गाळायच्या, गलाईच्या भट्टीवर माझ्यासोबत असलेल्या तात्यांच्या धापेच्या गोळ्या संपत आल्या. मोबाईल काढला, औषधाच्या ॲपवर नेहमीसारख्या टिक केल्या. वय, ताप, साखर. सगळं माझ्या नावावर, कारण तात्यांचा फोन बटणांचा. साखर नाही, अशी टिक. तात्यांना आहे. पण खरं भरलं की गाडी पुढं सरकत नाही, हे पहिल्याच वेळी कळलेलं. एरवी लगेच डॉक्टरची सही येते, संध्याकाळी गोळ्या दारात. कुणी हॅलोसुद्धा म्हणत नाही.

आज लाल अक्षरं. व्हिडिओवर डॉक्टरशी बोलल्याशिवाय हे औषध मिळणार नाही. नियम म्हणे.

तात्या म्हणाले, इतके दिवस बघितलं नाही, आता बघून काय करणार.

६ नोव्हें., गुरु.

बाहेर धूर, आत धूर. गलाईच्या खोलीला एकच खिडकी. जेवताना भातालाही सोनं साफ करायच्या तेजाबाचा वास.

तात्या भट्टीपाशी दोनदा खाली बसले. शेठनी बघितलं. शेठ आमच्याच विट्याकडचे, माणूस वाईट नाही. म्हणाले, जमत नसेल तर गावाला जाऊन विश्रांती घ्या. विश्रांती म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. तात्यांच्या धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.

जुनी चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे गेलो. म्हणाला, ये परचा पुराना है भैया.

गावाकडनं तात्यांच्या घरच्या काकू माझ्या फोनवर त्यांना बघून खूष. तोंड भरलंय, दिल्लीचं पाणी मानवलं म्हणतात. गोळ्यांनी सुजलंय ते.

७ शुक्र.

ठरलं. नाव माझं, वय माझं, तर व्हिडिओवर मीच बसायचं. मला नाटक जमत नाही म्हटलं, तर तात्या:

"लेका, खोकायला काय शाळा शिकावी लागते?"

हसले. मग हसण्याचा खोकला झाला, बराच वेळ.

८ शनि.

जिन्यात बसलो, रेंज तिथंच. तात्या खालच्या पायरीवर, दिसणार नाहीत असे. बाई डॉक्टर, तरुण. धाप लागते, झोप नाही, सगळं पाठ केलेलं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"एक साँस में गिनती बोलिए, जितनी हो सके."

मध्येच कुठंतरी खोकायचं ठरलेलं. एक दो तीन करत निघालो. विसाच्या आतच दम संपला. खोकायचं तर अजून बाकीच होतं.

परत म्हणायला लावलं. परत तेवढंच.

काम काय? म्हटलं, सोना गलाना. कबसे? सांगितलं. तिनं लिहून घेतलं, मग म्हणाली, गोळ्या नाहीत. असं बघून देता येत नाहीत, सरकारी दवाखान्यात जा, छातीचा एक्स-रे काढा, समोर दाखवा.

तात्यांना खाली सगळं ऐकू गेलेलं. म्हणाले, "तू तर झकास केलंस रे. मला खरंच वाटलं."

९ रवि.

जिन्यात एकटाच मोजून बघितलं. मराठीत. तेवढंच.

कोचीच्या दुकानात माणूस पाहिजे म्हणतात. जावं का. समुद्र आहे. पण तिथंही भट्टीच ना, आणि...

तात्या सारखं पाणी पितात. आधी उन्हाळा म्हणायचे. आता थंडी आली.

१० सोम.

शेठला बँकेचं काम सांगून निघालो. बसमधनं उतरून दवाखान्यापर्यंत तात्या थांबत थांबत. मीही थांबलो, सोबत म्हणून. म्हणजे मी तसं धरलं.

रांगेत बजावलं, आत साखर सांगायची, काम सांगायचं, नाव स्वतःचं. तात्यांचं एकच, माझं नाव नको, शेठच्या कानावर गेलं की परतीचं तिकीट. तू जा आत, माझ्या गोळ्या आण.

खिडकीवरच्यानं विचारलं, मरीज कौन है?

मी तात्यांकडे बोट केलं. तात्यांनी माझ्याकडे.

म्हणाला, पहले आपस में तय कर लो, और साइड हो जाओ.

बाजूला होऊन लिहितोय. तात्या अजून खिडकीचा गज धरून उभे आहेत. रांग त्यांना वळसा घालून पुढं सरकतेय.