बाबांची तहान

३ मार्च, सोमवार
आजपासून बाबांच्या तब्येतीची सूत्रं माझ्या हातात. आईला जाऊन दहा महिने झाले. शेवटचं वर्षभर ती मला एकच सांगत होती, बाबांकडे लक्ष दे गं, त्यांना हल्ली फार तहान लागते. आणि एक दिवस तीच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून कोसळली. हॉस्पिटलात म्हणाले, शुगर कित्येक वर्षं वाढलेली असणार, घरात कुणाला कळलं कसं नाही? कसं कळणार? आमचं सगळं लक्ष बाबांच्या तहानेकडे होतं.
आता हयगय नाही. बाबांना बीपी आहे, तेव्हा मीठ अर्ध्यावर. साखर बंद. रोज चालणं. बारीकसारीक लक्षणांवर नजर. बाबांना तसं सांगितलं. त्यांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. भिंग डोळ्याला लावून तसेच बसून राहिले, मग म्हणाले, बरं.

४ मार्च, मंगळवार
घरातले सगळे मोह हटवले. बिस्किटांचे पुडे, जॅमची बरणी, कुणीतरी आणलेला केक. टाकून द्यावं तर आईने अन्न टाकायला शिकवलेलं नाही. शेजारी द्यावं तर शेजारच्या नर्सबाई स्वतःच डाएटवर. शेवटी मी खाल्लं. कर्तव्य म्हणून. केक शिळा होता, तरीही.
बाबांची खोली आणि माझी खोली यांच्या मधल्या तिपाईवर पाण्याची मोठी काचेची बाटली भरून ठेवली. तहान लागली तर त्यांना अंधारात धडपडायला नको.

६ मार्च, गुरुवार
सकाळी बाटली रिकामी! म्हणजे आई म्हणत होती ते खरंच. बाबांना विचारलं तर म्हणाले, मी एक घोटही घेतला नाही. बाथरूमला जाता-येता मी घेतला असेल एखादा घोट, पण अख्खी बाटली?
लपवताहेत.
आणखी एक. आईच्या खुर्चीवर आमच्यात कुणी बसत नाही. ती टेबलाला खेटून ठेवलेली असते. आज सकाळी हातभर बाहेर ओढलेली होती. मी आत ढकलली. लाकूड गार होतं. गारच असणार म्हणा.

९ मार्च, रविवार
मावशीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, ताईची ती खोडच होती, स्वतःचं दुखणं कधी स्वतःच्या नावावर सांगायची नाही. लहानपणी ताप हिला, आणि घरात सांगायची, धाकटीला कणकण आहे. धाकटी म्हणजे मावशी. तिला म्हणे फुकटची कडू औषधं प्यावी लागली. हसली, आणि हसता हसता नाक ओढायला लागली.
फोन ठेवल्यावर नीट विचार केला. ही खोड या घरात असेल तर बाबाही लपवत असणार. बाबा आईच्या माहेरचे नाहीत, हे मला कळतं. पण तीस वर्षं एका छपराखाली काढली की लागतंच काहीतरी.
खुर्ची आजही बाहेर.

१२ मार्च, बुधवार
चष्म्याच्या दुकानात आज माझ्या हातून भलतंच झालं. एका गृहस्थांच्या फ्रेममध्ये दुसऱ्याच नंबरच्या काचा बसवल्या. मालक म्हणाले, बाई, ते गृहस्थ सपाट फुटपाथवर पायऱ्या चढत गेले. आकडे जरा अंधूक दिसले, एवढंच. दोष ट्यूबलाइटचा. तरी मनात शंका नको म्हणून जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरच्या तक्त्यावर स्वतःचे डोळे तपासले. वरपासून खालपर्यंत एकही अक्षर चुकलं नाही. चार वर्षं रोज समोर आहे तो तक्ता, मिटल्या डोळ्यांनीही वाचता येईल. एकदा मिटून पाहिले. आला.
डोळे उत्तम.

१५ मार्च, शनिवार
जिन्यात नर्सबाई भेटल्या. किती बारीक झालीस गं, म्हणाल्या, अगदी आईसारखी दिसायला लागलीस. त्या आणखी काहीतरी विचारत होत्या, पण मला बाथरूमची घाई होती. पथ्य बाबांचं, फिगर माझी सुधारली! जेवताना बाबांना ते सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. सूपला पुन्हा हात लावला नाही.
नोंद : बाबांची भूक मंदावली आहे.
नंतर तोंड धुताना आरशात आई दिसली. गालांची हाडं, डोळ्यांखालची ती सावली, सगळं शेवटच्या महिन्यांतलं. मी म्हटलं, बोल ना. ती काही बोलली नाही. जिवंत असतानाही कुठे बोलायची. ओठ मात्र माझ्याबरोबरच हलले.
लाइट चालू ठेवून झोपायचं ठरवलं आहे. बाबांना भीती वाटू नये म्हणून.

१८ मार्च, मंगळवार
औषधवाल्याकडून शुगर तपासायचं मशीन आणलं. सकाळी उपाशीपोटी बाबांचं बोट टोचलं. नॉर्मल. दुसरं बोट टोचलं. नॉर्मल. बाबा म्हणाले, आता पायाचं बोट देऊ का?
इतकी तहान आणि नॉर्मल? मशीन बिघडलेलं असणार. खात्री करायला माझ्यावर वापरून पाहिलं. काहीच्या काही आकडा. बोटाला जॅम असेल (ते कर्तव्य अजून संपलेलं नाही), म्हणून हात साबणाने धुऊन पुन्हा घेतलं. पुन्हा जवळपास तेवढाच. झालं सिद्ध. बिघाडसुद्धा किती सातत्याचा! आकडा इथे लिहीत नाही, उगाच कशाला.
बाबांना म्हटलं, बिघडलंय, उद्या परत करते. 'बिघडलंय' हा शब्द कानावर पडला की बाबांचे हात आपोआप पुढे येतात. मशीन घेऊन ते टेबलावरच्या दिव्याखाली जाऊन बसले.

१९ मार्च, बुधवार
बाबा मशीन परत करू देत नाहीत. म्हणतात, याला काहीही झालेलं नाही. बटण दाबलं की मागचे आकडे दिसतात म्हणे. हे शेवटचे दोन कुणाचे, असं विचारलं. माझे, पण चुकीचे आहेत, मी म्हटलं. भिंग डोळ्याला तसंच होतं. समोर घड्याळ नव्हतं, आणि भिंगामागचा तो मोठा डोळा माझ्याकडे लागलेला.
संध्याकाळी त्यांचा फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलण्याचा आवाज आला. मी खोलीत शिरले तसे हवामानावर घसरले.
बाबांचं काहीतरी फार बिनसलं आहे. आईच्या वेळी मी ओळखलं नाही. बाबांचं नाही तसं होऊ द्यायची मी.

२० मार्च, गुरुवार
जिंकले. सकाळी स्वयंपाकघरात आले तर बाबा आईच्या खुर्चीवर बसलेले. दहा महिन्यांत पहिल्यांदा.
"मला फार तहान लागते गं," ते म्हणाले. "डोळ्यांपुढे अंधूक दिसतं. वजन उतरलंय. आजच मला डॉक्टरांकडे घेऊन चल."
आवाज बाबांचा, बोलणं आईचं. पण एकदाचं कबूल तरी केलं! मालकांकडून सुट्टी घेतली. वाटेत मला दोनदा कठड्याला धरून थांबावं लागलं, आनंदाने पाय लटपटतात तसे. बाबांनी माझा दंड धरला. ते आजारी असून मला सांभाळत होते, याचं वाईट वाटलं.
दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या सगळी लक्षणं मनात घोकली, बाबा डॉक्टरांसमोर 'काही नाही, काही नाही' करायला लागले तर मध्ये बोलता यावं म्हणून. मग मदतनीस बाईंनी नाव पुकारलं. माझं. मी उठून त्यांना समजावलं की पेशंट हे आहेत, मी फक्त सोबत आले आहे. त्या हातातल्या कागदाकडे आणि मग बाबांकडे बघायला लागल्या.
बाबांनी माझी पर्स काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली, आईची ठेवायचे तशी.
"जा," ते म्हणाले. "त्यांची चूक नाही. या वेळी मी नावानिशी सांगितलंय."
आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कधीपासून होतंय? मी म्हटलं, बाबांना ना, साधारण... त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या.

२४ मार्च, सोमवार
त्याच दिवशी मला दाखल करून घेतलं होतं, आज घरी सोडलं. हॉस्पिटलात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायला शिकवलं. साखर खाली गेली तर काय होतं, तेही शिकवलं. हात थरथरतात, घाम येतो, मग लगेच काहीतरी गोड खायचं. गोड आता औषध म्हणून. बिस्किटांचा डबा बाबांच्या कपाटात, कुलपात. माझ्या चालण्याची वेळ त्यांच्या घड्याळावर. मला म्हणाले, हयगय नाही.
बाटलीचं विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं. मी पहाटे उठायचे, बाटली घेऊन आईच्या खुर्चीवर बसायचे आणि सगळं पाणी प्यायचे. मला धड आठवतही नाही. अर्धवट झोपेत असणार. पहिल्यांदा खुर्ची करकरली तेव्हा त्यांना वाटलं, तीच आली. हाक मारली तर जाईल, म्हणून श्वास धरून पडून राहिले. मग रोज वाट बघायला लागले. नर्सबाईंचं बोलणं मी त्यांना सांगितलं, त्याच्या दुसऱ्या पहाटे त्यांनी पहिल्यांदा उठून दारातून पाहिलं, तर खुर्चीवर मी.
यापुढे काही लिहवत नाही.

२५ मार्च, मंगळवार
सकाळी बाटली अर्धी. बाबांनी दुरूनच विचारलं, कुणाला लागली होती तहान?
बाबांना, मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.
त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि थांबून राहिले. घाई नव्हती त्यांना.
मला, मी म्हटलं.