कोहळ्याच्या वेलात लंगडी

शनिवार, दिवाबत्तीनंतर

आज हसू आवरूनच नाही राहिलं. माह्या नातीनं, नंदीनं, गोरेगावच्या वावरात बेवारस कुत्र्यांसाठी शेड बांधलं. गारवा राहावा म्हणून त्यावर माहे कोहळ्याचे वेल चढवले, अन् मातीत सेन्सर खुपसले. माती तापली का सुकली, तिच्या मोबाईलले समजते. नवलच!

सकाळपासून आमची लंगडी कुत्री दिसत नव्हती. मांगं एकदा कोहमाऱ्याच्या सडकेवर ट्रकनं तिचा पाय नेला. पुन्हा तिकडंच गेली असंल तर? नंदीचं तोंड एवढुसं झालं. त्यात मोबाईल ओरडे, वेलाखालची माती गरम. "सेन्सर बिघडला वं आजी." पण सावलीत माती कायले तापंल?

मी वाकून पाह्यलं, तर पानाआड लंगडी! सेन्सरवरच पोट टाकून निजली होती बया.

मी ओरडली, "भेटली वं, पानाआड!" "कुठं आहे? दिसत नाही," नंदी विचारे. लंगडीभोवती सगळी कवळी कोहळी, अन् कवळ्या कोहळ्याले बोट दाखवलं का ते सडते. मी हनुवटीनं दाखवलं, कोपरानं दाखवलं. "आजी, तुले लकवा झाला का वं?" पोरगी मलेच धराले धावली!

मंग म्या बोटच दाखवलं. सरळ. सडतीन का सगळीच? सडू दे.

नंदी तिथंच मातीत बसली अन् लंगडीले कवटाळून रडाले लागली. म्या म्हटलं, "रडतं काऊन? आता त भेटली ना."

म्हणे, "म्हणून त रडतो, आजी. सकाळपासून रडाले भेव वाटत होतं."