लांब सीट आणि एकट्याची सीट यांच्या व्यवस्थेबाबत

लिहून ठेवणार: धर्मपाल गोविंदा मनवर, वय ६७ वर्षे, एस.टी.चा निवृत्त मेकॅनिक, राहणार महागाव, जिल्हा यवतमाळ.

हे मृत्युपत्र मी दिवसाउजेडी, ओसरीत बसून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या पत्नीचे या बाबतीत मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कोणी भूल घातलेली नाही. उद्या डोळे मिटले तर मागे राहिलेल्यांना शोधाशोध करावी लागू नये, एवढाच हेतू आहे.

कलम १. महागाव येथील राहते घर, ओसरी आणि मागच्या शेडसह, माझ्या पश्चात पत्नी इंदूबाई हिचे राहील. तिच्यानंतर मुलगा संघर्ष आणि मुलगी रुपाली यांचे निम्मे निम्मे. दक्षिणेची भिंत ओल धरते. तिला मी तीनदा गिलावा करून पाहिला, बधली नाही. तीही निम्मी निम्मी.

कलम २. पोस्टात आणि बँकेत जे काही निघेल ते सगळे इंदूबाईचे. तिने त्याचे काय केले हे कोणी विचारू नये. मी कधी विचारले नाही आणि माझे भलेच झाले.

कलम ३. पुस्तकांचे कपाट संघर्षला. तो कळंबला मास्तर आहे, त्याला पुस्तके कळतात. अवजारे त्याला देत नाही. २०११ साली त्याने माझ्या चांगल्या पेचकसाने रंगाचा डबा उघडला आणि टोक वाकवले. मी त्याला तेव्हाच माफ केले आहे, पण पेचकस अजून वाकडाच आहे. सर्व अवजारे रुपालीला.

माझ्या साडभाऊंनी १९९८ साली मोटारसायकलचा डावा आरसा फोडला व आजतागायत कबूल केले नाही. उजवा आरसा आठवण म्हणून मागायला ते येतील. देऊ नये.

कलम ४. आता मोटारसायकल. माझ्याकडे साडेतीनशे सी.सी.ची, एअरकूल्ड इंजिनाची एक गाडी आहे. १९८७ साली मी ती यवतमाळच्या शोरूममधून आणली. इंजिन एकच, पण कंपनी त्यावर दोन प्रकारच्या गाड्या द्यायची. एक स्पोर्ट: बुटके हँडल, आखूड मडगार्ड, एकट्याची सीट. दुसरी टूरिंग: उंच हँडल, लांब सीट, मागे कॅरियर, दोन्ही बाजूंना पेट्या. शोरूममध्ये दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी तेव्हा बिनलग्नाचा होतो आणि स्वतःला फार देखणा समजत होतो. स्पोर्ट घेतली.

१९८९ साली लग्न ठरले. सासरे घर पाहायला आले, गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय जावईबापू. पण माही पोरगी कुठं बसंल?" मी हुंडा घेतला नाही, पण लग्नात सासऱ्यांनी नागपूरच्या भंगारातून शोधून आणलेली टूरिंगची लांब सीट, हँडल आणि पेट्या पोत्यात बांधून दिल्या. ते घेतले.

तेव्हापासून आमच्या घरी गाडी वर्षातून दोनदा कपडे बदलते. दसऱ्याच्या आधी लांब सीट चढते, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही दोघे गाडीवर दीक्षाभूमीला जातो, पेटीत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. बारा एप्रिलला ती उतरते आणि एकट्याची सीट चढते, कारण चौदा एप्रिलच्या रॅलीत निळा झेंडा लावून सगळ्यांच्या पुढे माझी गाडी असते. चार नट, वीस मिनिटांचे काम.

कलम ५. ~~माझ्या पश्चात एकट्याची सीट, बुटके हँडल व आखूड मडगार्ड भंगारात द्यावे व वितळवावे. कोणीही ती सीट पुन्हा गाडीवर चढवू नये. गाडी कायम टूरिंगच राहील. कारण विचारू नये.~~

हे कलम मी रेघ मारून रद्द केले आहे व बाजूला सही केली आहे. तरी वाचता येईल असे ठेवले आहे, कारण ते का लिहिले आणि का खोडले हे सांगितल्याशिवाय पुढचे कलम कोणाला पटणार नाही.

गेल्या रविवारी मुले घरी आली होती. मी हा कागद मोठ्याने वाचून दाखवला. संघर्षने पाचव्या कलमाचे कारण विचारले. कारण विचारू नये असे लिहिलेले असूनही विचारले, शेवटी मास्तरच. मी कागद खाली ठेवला. मग तेहतीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर आली, ती अशी.

१३ एप्रिल १९९२, दुपारची वेळ. रुपालीच्या जन्माला अजून महिना आहे असे नर्सबाईंनी सांगितले होते, पण इंदूबाईला कळा सुरू झाल्या. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "चाला पुसदले, दवाखान्यात." गाडी आदल्या दिवशीच मी रॅलीसाठी सजवली होती. एकट्याची सीट, चकाचक पॉलिश, झेंड्याची काठी बांधलेली. लांब सीट शेडमध्ये होती. मी तिच्या तोंडावर सांगितले, "लांब सीटचा नट झिजला आहे, बसत नाही." नट झिजला नव्हता. मला रॅलीची गाडी मोडायची नव्हती. मला वाटले, कळा खोट्या असतील, थांबतील. याची मला आजही लाज वाटते आणि ती मी इथे स्पष्ट लिहितो.

इंदूबाईने पिशवी काखेत मारली. ती रस्त्यावर गेली आणि तांड्यावरच्या उत्तमसिंगची जीप हात करून थांबवली. उत्तमसिंगने मागची सोयाबीनची पोती खाली फेकली, तिला आडवे केले, शेजारच्या बेबीताई सोबत बसल्या. मी एकट्याच्या सीटवर मागे मागे. पुसदच्या अलीकडे चार किलोमीटरवर जीप निंबाखाली थांबली आणि बेबीताईंच्या हातात रुपाली रडली.

दोघी सुखरूप. पण त्या दिवसापासून मी पाना खिशात ठेवतो. लग्नात, मयतीत, आगारात, निवृत्तीच्या सत्कारातसुद्धा शालीखाली पाना होता. लोक हसतात, मी सवय आहे म्हणतो. पुन्हा कधी वेळ आली तर वीस मिनिटे नाहीत, दहा मिनिटांत सीट बदलायची, हे मी मनाशी ठरवले होते. आणि इंदूबाईला खरे कळले तर ती माझ्या मागे कधी बसणार नाही, ही भीती होती. दर दसऱ्याला ती बसली की मला वाटायचे, हिला माहीत नाही म्हणून बसली.

हे सांगून झाले तेव्हा मी मान खाली घालून होतो. इंदूबाई मेथी निवडत होती. ती थांबली नाही. म्हणाली,

"नट झिजले नव्हते, हे मले तवाच माहीत होतं. चारी नट तुमी वाटीत ठेवले होते. त्या सीटवर म्या मिरच्या वाळू घातल्या होत्या, वाटी तिथंच होती."

मी विचारले, "मग बोलली काहून नाहीस?"

"कायले बोलू? तुमी हो म्हणले असते त मले बसा लागलं असतं. त्या गाडीवर बसली असती त पोरगी पयल्याच गड्ड्यात झाली असती. जीपमंदी आडवं व्हाले जागा होती. मले त बरंच वाटलं तुमी खोटं बोलले म्हणून." मग मेथीची काडी मोडून म्हणाली, "राग आलता. नाही कायले म्हणू? दोन-चार रोज होता. पण जीपच्या मांगून तुमी धुळीत येऊन राह्यले होते, डोळे लाल, तोंड पांढरं. बेबीताई म्हणे, पाह्य तुहा नवरा, भूत दिसून राह्यला. मले कळा येऊन राह्यल्या अन् मी हसत होती."

मला रडू आले. मुलांसमोर आले. लपवत नाही. तेहतीस वर्षे ओढलेले ओझे त्या बाईने मेथीच्या काड्यांबरोबर सुपात टाकून दिले.

कलम ६. (कलम ५ ऐवजी.) त्याच दिवशी मी विचारले की गाडी कोणाला कशी हवी. माझा हिशेब होता, संघर्षला स्पोर्ट आवडेल, रुपालीला टूरिंग. संघर्ष म्हणाला, "बाबा, माझी कंबर दुखते, मले गाडीच नको." रुपाली कृषी सहायक आहे, रोज गावोगाव फिरते. ती म्हणाली, "मले एकट्याची सीट पाह्यजे. मांगं कोनी बसलं का रस्ता सांगत राह्यते."

म्हणून: मोटारसायकल, एकट्याच्या सीटसह, स्पोर्ट रूपात, रुपालीची. चौदा एप्रिलला रॅलीत पुढे तिनेच असावे. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी गाडीला हार घालू नये, टाकीवर ओरखडे पडतात.

कलम ७. लांब सीट कोणालाही देत नाही. ती मी परवाच गाडीवरून उतरवली, लोखंडी पाय वेल्डिंग करून घेतले आणि ओसरीत मांडली. तिच्यावर मागची जागा इंदूबाईची. यापुढे दीक्षाभूमीला आम्ही एस.टी.ने जाऊ, मला पास आहे. माझ्या पश्चात पुढच्या जागेवर कोणीही बसावे, साडभाऊसुद्धा. मागची जागा तिने म्हटल्याशिवाय कोणाला मिळणार नाही.

कलम ८. उत्तमसिंग माझ्या मुलीला तेहतीस वर्षे "जीपवाली" म्हणतो. माझा त्याला विरोध होता. तो विरोध आजपासून मागे घेतला आहे.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. रेघ मारलेल्या कलमाशेजारी त्यांनीही सह्या केल्या. दोघेही, इंदूबाईने बसा म्हटल्यावर, लांब सीटवर बसून होते. सही झाल्यावर मी पाना खिशातून काढून इंदूबाईच्या हातात दिला. तिने तो मेथीच्या टोपलीत ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. उजवा खिसा फार हलका लागतो आहे. सवय होईल.

ठिकाण: महागाव, जि. यवतमाळ
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणाराची सही: धर्मपाल गोविंदा मनवर

साक्षीदार:
१. उत्तमसिंग धावजी जाधव, जीपवाले (सही)
२. सौ. बेबीताई मारोतराव देवसरकर, शेजारी (सही. "भूत म्हनलं होतं हे खरं हाय," असे तोंडी सांगितले, ते लिहून घेतले.)